जुन्या शिवणयंत्राचा क्रमांक



या व्यासपीठावरून मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झालेली आहेत. माझे शिक्षण शाळेत फार झाले नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, रात्री वाचले. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा ‘जुनी शिवणयंत्रे’ असे मी सांगितले. त्यावर ते जरा घुटमळले. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस, महागाई किंवा कामगार कायदा यांवर बोलावे अशी अपेक्षा असणे साहजिक आहे. परंतु मी माझा प्रांत सोडून बोलणार नाही, एवढे आश्वासन आरंभीच देतो.

गेली वीस वर्षे मी जुनी शिलाई मशिने विकत घेतो, दुरुस्त करतो आणि जमवतो. आज माझ्याजवळ चौदा आहेत. आमच्या घरी माणसांना पाय ठेवायला जागा नाही, पण पायमशिनांना आहे, असे आमचे कुटुंब म्हणते आणि ते खरे आहे. हा नाद मला कसा लागला ते पुढे ओघाने सांगेन. आधी यंत्राचा इतिहास पाहू, कारण तो ठाऊक नसला तर जुने मशीन म्हणजे नुसते सोनेरी वेलबुट्टीचे भंगार होय.

शिवणयंत्राच्या जन्मकथेत पहिलीच मोठी घटना दंगलीची आहे. बार्थेलेमी तिमोनिये हा फ्रान्समधला एक गरीब शिंपी. १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचे यंत्र साखळीटाका घालीत असे. पॅरिसमध्ये सुमारे ऐंशी यंत्रांचा कारखाना उभा राहिला आणि तेथे सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले. १८३१ साली शिंप्यांचा जमाव चालून गेला आणि त्याने ती यंत्रे फोडून टाकली. तिमोनिये १८५७ साली दारिद्र्यातच वारला. ज्यांनी यंत्रे फोडली ते शिंपी आणि ज्याने यंत्र केले तोही शिंपी, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. त्या दंगलखोरांना अडाणी म्हणण्याची रीत आहे. मला तसे म्हणवत नाही. ते यंत्राला भ्याले नव्हते. यंत्रामुळे आपले काम जाईल आणि त्याचा मोबदला आपल्याला मिळणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि तो फारसा चुकला नाही.

पुढचा इतिहास अमेरिकेचा. वॉल्टर हंट याने १८३३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये दोन दोऱ्यांची टीप घालणारे यंत्र तयार केले, पण पेटंट घेतले नाही. टोकाजवळ नाके असलेली सुई आणि धावते शटल अशा यंत्राचे पेटंट १८४६ साली एलियस हाव याने मिळवले. हातसुईचे नाके मागे असते. ते पुढे टोकाशी आणले, यातच यंत्राचा निम्मा शोध आहे. सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते, वर येताना दोऱ्याचा लहानसा फास सुटतो, आणि त्या फासातून शटल आपला दोरा घेऊन निघून जाते. आपल्या आजच्या मशिनाची टीप याच तत्त्वावर पडते. १८५१ साली आयझॅक सिंगर याने कापड आडवे ठेवण्याचे मेज, सरळ उभी सुई आणि कापड दाबून धरणारा पाय अशा सुधारणा एकत्र करून पेटंट घेतले. सिंगर हा आधी नाटकात कामे करणारा नट होता. हावने त्याला कोर्टात खेचले व दावा जिंकला. अखेर १८५६ साली मोठ्या कंपन्या व हाव यांनी आपापली पेटंटे एकत्र करून एक जूट बांधली. या जुटीबाहेरच्या कोणालाही तिला पैसे भरल्यावाचून मशीन बनवणे अशक्य झाले. मालकांना संघटनेचे महत्त्व कामगारांच्या आधी कळते, हे मी अनुभवाने म्हणतो.

त्याच १८५६ साली सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने मशीन हप्त्याने देण्यास प्रारंभ केला. मशिनाची किंमत त्या काळी सव्वाशे डॉलरच्या घरात होती. साध्या कुटुंबाला एकदम देणे शक्य नव्हते. पाच डॉलर भरा, मशीन घरी न्या, बाकी महिन्याच्या महिन्याला द्या. विक्री झपाट्याने वाढली. आज आपण पंखा, गाडी, टेलिफोन हप्त्याने घेतो, त्या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर प्रसार या यंत्राने केला. मात्र हप्ता चुकला की मशीन परत जात असे.

आता एक हिशेब सांगतो. १८६० च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन या कंपनीने घड्याळ लावून मोजणी केली होती. पुरुषाचा एक सदरा हाताने शिवण्यास सव्वाचौदा तासांहून अधिक वेळ लागे, तो मशिनावर सव्वा तासात होऊ लागला. म्हणजे एका सदऱ्यामागे तेरा तास वाचले. मी जेव्हा जेव्हा जुने मशीन उघडतो तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न येतो: हे तेरा तास कोणाला मिळाले? घरच्यापुरते शिवणाऱ्या गृहिणीला ते मिळाले, हे निर्विवाद आहे. परंतु नगावर शिवणाऱ्या बाईला मिळाले काय? काम जलद होऊ लागताच नगाचा दर खाली आला आणि ती पूर्वीइतकेच तास, कित्येकदा त्याहून अधिक, मशिनावर वाकून बसली.

हिंदुस्थानात सिंगरचा पसारा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढला. नसरवानजी मेरवानजी पटेल नावाचे पारशी गृहस्थ या कंपनीचे येथील मुख्य एजंट होते आणि हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन एवढा मुलूख त्यांच्याकडे होता. आपल्या शिंप्यांनी हे यंत्र चटकन आपलेसे केले. दुकानाच्या ओट्यावर किंवा झाडाखाली ठेवता येते, वीज लागत नाही, एकट्याला चालवता येते. यंत्र म्हटले की कारखाना, आणि कारखाना म्हटला की मालक, हे समीकरण येथे लागू पडले नाही.

म्हणूनच गांधीजींनी या यंत्राला अपवाद केला. १९२४ साली रामचंद्रन नावाच्या तरुणाने त्यांना यंत्रविरोधाबद्दल छेडले, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचे उदाहरण दिले. बायको हाताने शिवताना कष्टते हे पाहून सिंगरने तिच्या प्रेमापोटी हे यंत्र केले, असे त्यांनी सांगितले. गांधीजींविषयी पूर्ण आदर राखून मला म्हणावे लागते की, इतिहास तसा नाही. सिंगरचा संसार काही आदर्श नव्हता. त्याने यंत्र केले ते पैशासाठी. परंतु त्याच संभाषणातील पुढचा भाग लोक विसरतात. अशी यंत्रे बनवणारे कारखाने तर लागतीलच ना, असे विचारल्यावर, ते राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या ताब्यात असावेत, असे गांधीजींनी उत्तर दिले. यंत्र घरात निरुपद्रवी असले तरी ते जेथे घडते तेथला प्रश्न शिल्लकच राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

ते कोठे घडत असे, हे मशिनाच्या क्रमांकावरून कळते. सिंगरच्या जुन्या मशिनाच्या पाटावर, उजव्या बाजूला, उठावाचा एक क्रमांक असतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याच्या आधी इंग्रजी अक्षर येऊ लागले. ‘जी’ असेल तर ते अमेरिकेतील एलिझाबेथपोर्टचे. ‘एफ’ असेल तर ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचे, आणि १९१० पासून पुढच्या दहाएक वर्षांतले. क्रमांकांचे गठ्ठे कारखान्याला आधी वाटून दिले जात आणि यंत्रे मागाहून तयार होत. म्हणून वर्षात थोडाफार फरक पडू शकतो, हे जमवणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

क्लाइडबँकचा हा कारखाना १८८५ साली सुरू झाला. त्याच्या मनोऱ्यावरील घड्याळाच्या तबकड्या लंडनच्या बिग बेनपेक्षाही मोठ्या होत्या. १९१३ साली तेथे तेरा लाखांवर मशिने तयार झाली. येथून मशिने जगभर जात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून सापडणारी पुष्कळशी मशिनेही येथलीच.

या कारखान्यात २१ मार्च १९११ रोजी संप झाला. मशिनाच्या लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या खात्यात पंधरा बायका होत्या. त्यांतल्या तिघींना काढून त्यांचे काम उरलेल्या बाराजणींवर टाकण्यात आले आणि वर मजुरीही कमी होणार होती. त्या बाराजणी उठल्या. त्यांच्यामागोमाग त्याच दिवशी सुमारे दोन हजार बायका उठल्या आणि दोन दिवसांत दहा हजारांहून अधिक कामगार बाहेर आले. बारा बायकांसाठी! मी संपाच्या अनेक सभा केल्या आहेत. एका खात्यासाठी दुसरे खाते उठवणे किती कठीण असते ते मला ठाऊक आहे, म्हणून या आकड्यापुढे मी हात जोडतो.

कंपनीने कारखाना बंद केला आणि कामगारांच्या घरोघर कार्डे पाठवून कामावर येण्याविषयी मत मागवले. सुमारे साडेसहा हजारांनी परत येण्याच्या बाजूने आणि सुमारे चार हजारांनी विरुद्ध मत दिले, असे कंपनीने जाहीर केले. सभेत हात वर करणारा कामगार आणि घरी बायकोमुलांसमोर कार्ड भरणारा कामगार, माणूस एकच, पण मत एक राहत नाही. १० एप्रिलला लोक कामावर गेले. मागाहून शेकडो कामगारांना काढून टाकण्यात आले व त्यांत पुढारी मंडळी होती. हा संप चालू असतानाच, २५ मार्च १९११ रोजी, न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. बाहेर पडण्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ माणसे मेली. त्यांत बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली होत्या. एकाच आठवड्यात, समुद्राच्या एका काठाला मशिने घडवणाऱ्या बायका रस्त्यावर आल्या होत्या आणि दुसऱ्या काठाला मशिने चालवणाऱ्या मुली जळाल्या.

आपल्या देशी मशिनांचाही इतिहास असाच वाचता येतो. जय इंजिनीअरिंग वर्क्स ही कंपनी १९३५ साली कलकत्त्यात निघाली. पुढे ती लाला श्रीराम यांच्याकडे आली. ‘उषा’ मशीन तिचे. कायद्याच्या अभ्यासकांना हे नाव दुसऱ्या कारणाने ठाऊक असते. घेरावाच्या प्रसंगी कामगारमंत्र्याला विचारल्यावाचून पोलिसांनी मध्ये पडू नये, अशा अर्थाची परिपत्रके बंगाल सरकारने १९६७ साली काढली होती. ती कलकत्ता हायकोर्टाने ज्या खटल्यात रद्द ठरवली तो खटला याच कंपनीचा. आपल्या आईच्या मशिनावरचे ‘उषा’ हे सोनेरी नाव पाहताना एवढे आठवावे. क्लाइडबँकचा कारखाना १९८० साली बंद पडला. घड्याळाचा मनोरा त्याआधीच, १९६३ साली, पाडला गेला होता. रेल्वे स्टेशनचे नाव तेवढे ‘सिंगर’ राहिले आहे. कलकत्त्याच्या कारखान्याच्या जागी आज उंच इमारती आणि बाजार आहे.

आता ज्यांना मशीन विकत घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी चार शब्द. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात मी पुष्कळ फिरलो आणि फसलोही आहे. एकाने मला नवा सोनेरी छाप चिकटवलेले मशीन शंभर वर्षांचे म्हणून दिले होते. तेव्हापासून मी आधी क्रमांक पाहतो, मग छाप. चाक हाताने फिरवून पाहावे. फिरले नाही म्हणून घाबरू नये. बहुधा कोणीतरी खोबरेल तेल घातलेले असते आणि ते आत गोंदासारखे घट्ट झालेले असते. खालची सरकती पट्टी उघडून शटल व बॉबिन जागेवर आहे का ते पाहावे. होडीच्या आकाराचे लांब शटल हरवलेले असेल तर ते मिळवताना दमछाक होते. गोल बॉबिनचे, पंधरा नंबरच्या जातीचे मशीन असेल तर सुटे भाग आजही कोपऱ्यावर मिळतात, कारण आपल्याकडची बहुतेक काळी घरगुती मशिने त्याच घडणीची आहेत. आणि अफवांवर विश्वास ठेवू नये. २००९ साली सौदी अरेबियात अशी आवई उठली की, सिंगरच्या जुन्या मशिनात ‘लाल पारा’ असतो. लोकांनी भलत्या किमती मोजल्या. मशिनात लोखंड आणि तेल यांपलीकडे काही नसते.

दुरुस्ती मी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून शिकलो. ‘आधी ऐक, मग खोल’ हा त्यांचा पहिला धडा. अडकलेल्या मशिनाच्या तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन थेंब सोडून ते रात्रभर ठेवावे. सकाळी चाक थोडे थोडे, मागेपुढे हलवावे. जोर लावू नये. सुटले की जुना चिकटा पुसून मशिनाचे पातळ तेल घालावे. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ होते तेव्हा लोक बॉबिनला दोष देतात; खरा दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो, तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. टाके सुटत असतील तर सुई उलटी बसवलेली नाही ना, हे आधी पाहावे. चामडी पट्टा सैल झाला तर तार काढून बोटभर कापावा व पुन्हा जोडावा. वेलबुट्टीवर स्पिरिट कधी लावू नये. वरचा रोगण विरघळतो आणि शंभर वर्षे टिकलेले फूल एका फडक्यात पुसले जाते. आणि नवा रंग तर मुळीच देऊ नये. पाटाच्या कडेला जेथे रंग उडालेला असतो तेथे कोणाचा तरी हात वर्षानुवर्षे टेकलेला असतो.

हा हात मी लहानपणी पाहिलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. माझे वडील त्यांतले एक. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. आमच्या चाळीच्या खोलीत आईने उसने आणलेले एक मशीन होते. ती डझनाच्या दराने परकर शिवीत असे. दुपारी वडील सभेला जात आणि रात्री मी त्या टिपेच्या आवाजात झोपी जात असे. पुढे मी चळवळीत आलो आणि संपाच्या आठवणी सांगू लागलो तेव्हा वडिलांचे नाव घेत असे, पुढाऱ्यांचे घेत असे. आम्ही ते दीड वर्ष जेवलो कोणाच्या कमाईवर, हे मी कोणत्याही सभेत सांगितले नाही. आईच्या डझनाचा दर कोण ठरवीत असे, तो वाढवून मागावा असे कोणाला वाटले काय, हा प्रश्न मला सुचलाच नाही. नगावर शिवणारी बाई आमच्या युनियनच्या वहीत कामगार म्हणून नव्हतीच. क्लाइडबँकच्या बारा बायकांची हकीकत वाचली तेव्हा ही चूक माझ्या ध्यानात आली. तेव्हा आई हयात नव्हती. ते मशीन कधीच ज्याचे त्याला परत गेले होते. मशिने जमवण्याचा नाद मला लागला तो असा.

नाद लागला की माणूस लोभी होतो, हेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीमागच्या वस्तीतली एक बाई मशीन विकायला घेऊन आली. मुलाच्या फीसाठी पैसे हवे होते. मी क्रमांक पाहिला. ‘एफ’ अक्षर, आणि आकड्यावरून १९११ च्या सुमाराचा गठ्ठा. माझे हात थरथरले. तिने अठराशे रुपये मागितले, मी मुकाट्याने दिले. मोठा सौदा केला म्हणून त्या रात्री मला झोप आली नाही. दोन-अडीच महिन्यांनी घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांची सभा आम्ही भरवली. ती बाई तेथे होती. कोणाला ब्लाउजमागे काय मिळते हे आम्ही लिहून घेत होतो. तिचा आकडा इतरांच्या निम्मा. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “मशीन माझं नाही ना आता, दादा. शेजारणीच्या मशिनावर बसते. अर्धे तिला द्यावे लागतात.”

सभा संपल्यावर मी तिला म्हणालो, “ताई, उद्या मशीन घेऊन जा.”

“पैसे तर खर्च झाले, दादा.”

“पैसे मागतच नाही.”

“फुकट नको मला. महिन्याला शंभर देईन.”

अशा रीतीने, आयुष्यभर सावकारी आणि हप्तेबाजीवर भाषणे करणारा मी, सिंगर कंपनीचा हप्तेवाला एजंट झालो. अठरा महिने तिने शंभर रुपये आणून दिले; एकही हप्ता चुकला नाही. ते मशीन आज तिच्या दारात चालू आहे आणि माझ्या चौदांत ते नाही. तेव्हापासून मी एक नियम केला आहे: ज्या मशिनावर कोणाचे तरी पोट चालू आहे ते विकत घ्यावयाचे नाही. विकायला आणले तर दुरुस्त करून परत पाठवावयाचे. जमवावयाचे ते फक्त पडून राहिलेले. माझ्यासारखा नाद असलेल्या इतरांनाही माझी हीच विनंती आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर, जिन्याखाली, पलंगाखाली एखादे जुने मशीन असेल. ते विकण्यापूर्वी किंवा भंगारात घालण्यापूर्वी एक करा. पाटावरची धूळ पुसून त्याचा क्रमांक लिहून घ्या. ते कोणी, कोठून, केव्हा घेतले, हप्त्याने की रोखीने, त्यावर घरात कोणी काय शिवले आणि बाहेरचे शिवले असेल तर काय दराने, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा व त्याखाली लिहा. तो कागद मशिनाच्या खणात ठेवा. जगाच्या इतिहासात तेरा तासांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. तो पुरा करावयाचा तर असे कागद लागतील. माझ्या आईचा तसा कागद माझ्याजवळ नाही. डझनाला तिला काय मिळत असे, हे मी तिला कधी विचारले नाही.